फोटोवाल्यांच्या मेळाव्याला पहिल्यांदा जाताना

वणीला रंगनाथस्वामींची जत्रा भरते. तिथे बैलबाजार असतो. जाणता कास्तकार बाजारात गेला की पहिल्याच दिवशी पैसे मोजीत नाही. तो आधी फिरतो. बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. चार गावच्या माणसांशी बोलतो. कापसाला भाव काय निघाला, कोणाची जोडी कितीला गेली, हे कानावर घेतो. घरी येताना बैल आणला नाही, तरी त्याची खेप वाया जात नाही.

जसा कास्तकारांचा बाजार, तसे निरनिराळ्या धंद्यांच्या लोकांचेही मेळावे भरतात. डॉक्टरांची परिषद भरते. लेखक-कवींचे संमेलन भरते. आपल्या यवतमाळास ते १९७३ साली भरले होते, आणि पुन्हा २०१९ साली भरले. तसाच फोटो काढणाऱ्यांचाही मेळावा भरतो. त्याला कोणी अधिवेशन म्हणतात, कोणी प्रदर्शन म्हणतात. तिथे काय चालते, पहिल्यांदा जाणाऱ्याने कसे वागावे, आणि लहान गावच्या फोटोवाल्याने पदरचे पैसे खर्चून तिथे जावेच कशाला, हे ह्या पाठात सांगावयाचे आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही वावरात राबणारी माणसे, आम्हांस ह्याचे काय? जरा आपल्याच घरात पाहा. भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो आहे. पेटीत लेकीच्या लग्नाचा अल्बम आहे. मतदार कार्डावर फोटो आहे, बँकेच्या पासबुकावर आहे, आधार कार्डावर आहे. आधार कार्ड देशात सर्वांत आधी दिले गेले ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हा फोटो ही आता श्रीमंताची हौस राहिली नाही. सुतार, लोहार, शिंपी तसाच फोटोवाला. तोही आपल्या गावचा कारागीर आहे.

आणि हा कारागीर आज अडचणीत आहे. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. पूर्वी बारशाला, वाढदिवसाला फोटोवाल्यास बोलावणे जाई. आता घरचेच पोरगे मोबाइल वर धरते आणि काम भागते. मोठे लग्न असले की यजमान शहरातून फोटोवाले आणतात. मधला बिचारा दुकान उघडून बसतो आणि झेरॉक्स काढतो.

आता हे मेळावे कधीपासून भरतात, ते थोडे पाहू.

फ्रान्स देशात दागेर नावाचा एक माणूस होता. त्याने तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन त्यावर चित्र उमटविण्याची रीत काढली. फ्रान्सच्या सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले, आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी ती रीत जगापुढे उघड केली. ज्याला करावयाचे त्याने करावे, पैसा देणे नाही. (इंग्लंडात मात्र पाचच दिवस आधी तिचे पेटंट घेऊन ठेवले होते. तिथे फुकट नाही! दागेर काही भोळा नव्हता.) म्हणून १९ ऑगस्ट हा दिवस फोटोवाले अजून आपला दिवस म्हणून पाळतात. पुष्कळ गावी त्यांचा मेळावा ह्याच सुमारास असतो.

रीत उघडी झाली, पण हाताला ती येईना. त्या काळी फोटो म्हणजे रसायनांचा खेळ होता. आपल्याकडचे ऊन कडक, पाण्यात क्षार. विलायतेच्या पुस्तकातली मापे इथे जुळत नसत. रसायन वाळून जाई, चित्र डागाळे. एकट्याने डोके किती फोडायचे? म्हणून लोक एकत्र येऊ लागले. लंडनला १८५३ साली फोटो काढणाऱ्यांचे मंडळ निघाले. आणि ऐका, एकच वर्षाने, १८५४ साली, आपल्या मुंबईत तसेच मंडळ निघाले. कलकत्ता आणि मद्रास मागून, १८५६ साली आले.

मुंबईच्या मंडळात साहेब लोक होते, तसे आपलेही लोक होते. डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांचे धाकटे भाऊ डॉक्टर नारायण दाजी हे मंडळाचे कार्यकर्ते होते. नाडी पाहता पाहता त्यांनी कॅमेराही हाती घेतला. १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात फोटोचा वर्ग निघाला. त्या वर्गात हरिश्चंद्र चिंतामणी नावाचे गृहस्थ शिकले. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचे फोटोचे दुकान थाटले. त्यांची चित्रे १८६७ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली. ही माणसे काही उपजत शिकून आली नव्हती. कोणीतरी दाखविले, त्यांनी पाहिले.

पहिल्यांदा परक्या लोकांत जाऊन धंदा शिकण्याची ह्याहून मोठी गोष्ट दादासाहेब फाळके ह्यांची आहे. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. तरुणपणी त्यांनी गुजरातेत गोध्रा येथे फोटोचा धंदा केला. त्या वेळी लोक कॅमेऱ्यापुढे यायला भीत. यंत्र आपला जीव ओढून घेते, असे त्यांना वाटे. पुढे फाळक्यांच्या मनाने घेतले, की हलत्या चित्रांचा खेळ आपण काढायचा. कोणी शिकविणारा नाही. मग त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले.

लंडनात ओळखीचे कोण? कोणी नाही. एवढेच की तिथल्या ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. त्याची पाटी दिसली, तसे ते सरळ संपादकाकडे गेले. संपादक कॅबर्न साहेब. ते आधी म्हणाले, ह्या धंद्यात पडू नका, तुमच्याकडची हवा मानवणार नाही. पण माणसाची तळमळ पाहून त्यांनी फाळक्यांना हेपवर्थ नावाच्या चित्रपट काढणाराकडे नेले. हेपवर्थने आपला सारा कारखाना उघडा करून दाखविला. त्यांच्या सल्ल्याने फाळक्यांनी कॅमेरा घेतला आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते घरी परत आले.

आल्यावर त्यांनी पहिले काय केले? कुंडीत वाटाणा लावला. रोज थोडे थोडे चित्र घेत गेले. दाणा फुटला, कोंब आला, वेल वर चढला. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. ती पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट निघाला.

फाळक्यांनी कॅमेरा विकत आणला खरा, पण कोणता घ्यावा आणि कसा चालवावा, हे त्यांना माणसांनी सांगितले. मेळाव्याला जाणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता आजचा मेळावा. आमचा एक जुना विद्यार्थी बाजाराच्या गावी फोटोचे दुकान चालवितो. त्याच्यासोबत आम्ही नागपुरास दोन दिवसांच्या अशा एका मेळाव्यास गेलो होतो. निघण्याआधी तो आमच्याकडे येऊन बसला. म्हणाला, “गुरुजी, दोन दिवस दुकान बंद ठेवाचं, भाडं भराचं, बाहेर जेवाचं. अन् भेटन काय तिथं?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच महिन्यात त्याला मुलाची फी भरायची होती. आम्ही म्हटले, “बापू, जाऊन तर पाहू. आमचे तिकीट आमचे आम्ही काढतो.”

दारावर नाव लिहून घेतात. कुठे फी असते, कुठे नसते. गळ्यात अडकवायला एक बिल्ला देतात. त्यावर नाव आणि गाव असते. आमच्या विद्यार्थ्याने तो खिशात घातला होता. गावाचे नाव दाखवायला माणूस लाजतो. पण बिल्ला बाहेरच ठेवावा. तो वाचूनच लोक बोलायला येतात. “यवतमाळचे काय? आमची मावशी दारव्ह्याला दिली आहे,” असे म्हणत पहिला माणूस भेटला तो त्या बिल्ल्यामुळेच.

बिल्ल्यासोबत एक कागद देतात. कोणत्या खोलीत किती वाजता कोणाचे व्याख्यान, ते त्यावर लिहिलेले असते. एकाच वेळी तीन-तीन ठिकाणी कार्यक्रम चालतात. जो सारेच धरू पाहतो, तो दिवसभर जिन्यावरच राहतो. आधी बसून कागद वाचावा, आणि दिवसाला दोन किंवा तीन गोष्टींवर खूण करावी. वाचता येण्याचा उपयोग अशा जागी कळतो.

मोठ्या मंडपात दुकाने असतात. कॅमेरे, भिंगे, दिवे, अल्बम छापणारी यंत्रे, आकाशात उडणारे ड्रोन. डोळे दिपून जातात. टाय बांधलेला पोरगा गोड बोलतो, खुर्ची देतो, पाणी देतो. मग म्हणतो, “काका, आजच्या दिवस हा भाव आहे. उद्या नाही. हप्ते पाडून देतो.” आमचा विद्यार्थी अर्धा तास एका कॅमेऱ्यापुढून हलला नाही. हप्ता किती, किती वर्षे, व्याज धरून एकंदर किती, हे आम्ही त्याला कागदावर मांडायला लावले. आकडा पाहून तो आपणहून उठला.

घ्यायचेच असेल तर काय विचारावे? पक्के बिल मिळेल काय? हमी आपल्या देशातली आहे, की बाहेरून आणलेला माल आहे? बिघडले तर दुरुस्ती नागपुरास होईल, की मुंबईस पाठवावे लागेल? जवळची जुनी भिंगे ह्याला बसतील काय? जुना कॅमेरा घेत असाल तर त्याची झडप किती वेळा उघडली, तो आकडा पाहावा. जुना ट्रॅक्टर घेताना किती तास चालला ते विचारतो ना, तसेच. आपले स्वतःचे कार्ड त्यात घालून दोन फोटो काढावे आणि घरी येऊन मोठे करून पाहावे. मेळाव्यात काही कंपन्या जुना कॅमेरा तपासून पुसूनही देतात. म्हणून घरचा कॅमेरा सोबत न्यावा.

यंत्राच्या भरवशावर राहिलेला मोठा माणूसही बुडतो. अमेरिकेच्या कोडॅक कंपनीचे नाव जुन्या माणसांना माहीत आहे. फोटोचे रीळ म्हणजे कोडॅक, असे दिवस होते. फिल्मशिवाय फोटो काढणारा पहिला कॅमेरा ह्याच कंपनीच्या स्टीव्हन सॅसन ह्या इंजिनिअरने १९७५ साली बनविला. तो साडेतीन किलोंहून जड होता, आणि एक फोटो टिपायला २३ सेकंद लागत. पण कंपनीचे पोट फिल्मवर भरत होते. आपल्याच घरात जन्मलेले मूल तिने नीट वाढविले नाही. दुसऱ्यांनी वाढविले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मंडपापेक्षा बाजूच्या खोल्यांत खरे शिकणे होते. एका खोलीत एका बाईंनी दिवे सारे बंद केले. एका माणसास खिडकीशी बसविले. खिडकीकडचा गाल उजळ, दुसरा गाल अंधारात. मग त्यांनी त्या अंधाऱ्या बाजूस पांढऱ्या थर्माकोलचा एक तुकडा धरला. लगेच तो गाल उजळला. गल्लीत समोर चुना दिलेली भिंत असली की आपल्या ओसरीत उजेड येतो, तेच हे. थर्माकोल नसेल तर धोतराचे पान चालेल, असे त्या म्हणाल्या. खर्च काही नाही.

(बाई आणि कॅमेरा, हे कोणास नवल वाटेल. होमाई व्यारावाला ह्यांनी मुंबईत शिकून वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले. हे काम करणाऱ्या आपल्या देशातल्या त्या पहिल्या बाई. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले.)

दुसऱ्या एका व्याख्यानात आम्हांस एक जुने कोडे सुटले. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे फोटोत काळेठिक्कर का येतात? कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. समोरच्या साऱ्या उजेडाची तो सरासरी काढतो. पांढरे धोतर, पांढरी बंडी, पांढरा फेटा, वरून ऊन. कॅमेऱ्याला वाटते, उजेड फार झाला. तो उजेड कमी घेतो. कपडे ठीक दिसतात आणि चेहरा मात्र बुडतो. म्हणून उजेड चेहऱ्याचा मोजावा, फेट्याचा नव्हे. तुमच्या मोबाइललाही हे लागू आहे. फोटो काढण्यापूर्वी पडद्यावर चेहरा दिसतो त्या जागी बोट टेकवा. पुष्कळ मोबाइलांत चेहरा उजळतो. पाहा करून.

कायद्याचेही एक व्याख्यान होते. ते सर्वांनी ऐकण्यासारखे होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन मुद्दाम काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. फोटोवाल्याचा नव्हे. तेव्हा तुमच्या लेकीच्या लग्नाचा फोटो दुकानाच्या फलकावर लावायचा तर फोटोवाल्याने तुम्हांस विचारले पाहिजे. ड्रोनचे नियम २०२१ साली झाले. २५० ग्रॅमहून जड ड्रोनची नोंदणी करावी लागते, आणि धंद्यासाठी उडविणाऱ्यास प्रमाणपत्र लागते. लग्नात डोक्यावर ड्रोन फिरविणाऱ्या किती जणांनी हे केले असेल, कोण जाणे.

पण आमच्या विद्यार्थ्याला जे मिळाले, ते ह्या खोल्यांतही नाही मिळाले. ते चहाच्या रांगेत मिळाले. पहिल्या दिवशी तो कोणाशी एक अक्षर बोलला नाही. आम्ही त्याला घरून निघताना १२ फोटो पाकिटात घालून घ्यायला सांगितले होते. बारा पुरे. जाड अल्बम कोणी उघडीत नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत त्याच्यापुढे पिकल्या केसांचे एक फोटोवाले उभे होते. त्याने भीत भीत पाकीट पुढे केले. त्या गृहस्थांनी चहा बाजूला ठेवून बाराही फोटो पाहिले. म्हणाले, “सारे फोटो एकाच उंचीवरून काढले तुम्ही. उभ्याने. लेकराचा फोटो काढताना गुडघे टेकत जा. त्याच्या डोळ्याला आपला डोळा लागला पाहिजे.”

आमच्या गड्याचे तोंड उतरले. वीस वर्षांचा धंदा आणि कोणी असे बोलावे! पण ते गृहस्थ पुढे आपलीच हकीकत सांगू लागले. त्यांचेही दुकान बसले होते. मग त्यांनी लहानसे छपाईचे यंत्र घेतले आणि बाजाराच्या दिवशी टेबल मांडून बसू लागले. लोकांच्या मोबाइलमध्ये हजार फोटो असतात, कागदावर एक नसतो. मोबाइल विहिरीत पडला की सारे गेले. ते मोबाइलमधले फोटो कागदावर छापून देतात. शिवाय घरोघरचे फाटके, वाळवी लागलेले जुने फोटो आणवून त्यांची नक्कल काढतात आणि दुरुस्त करून देतात. कोणता कागद, तो कुठे मिळतो, किती पैसे पडतात, किती घ्यावे, हे सारे त्यांनी सांगितले. लपविले नाही. दोघांची गावे शंभर कोस दूर, गिऱ्हाईक तुटण्याचे भय नव्हते. तेही एक कारण असेल.

ह्या सगळ्यासाठी एक साधी वही आणि पेन जवळ ठेवावे. कोणाशी काय बोलणे झाले, ते त्याच रात्री लिहावे. सकाळपर्यंत नावे विसरतात. पायांत सवयीच्या वहाणा असाव्या, कारण फरशीवर दिवसभर चालावे लागते. आणि परत आल्यावर आठ दिवसांच्या आत भेटलेल्या माणसांना फोन करावा. मग पुढे फोन करताना अवघड वाटत नाही.

परत आल्यावर आमच्या विद्यार्थ्याने कॅमेरा जुनाच ठेवला. दोन महिन्यांनी छपाईचे यंत्र घेतले. बाजाराच्या दिवशी तो आता टेबल मांडतो. पहिल्या बाजारी चारच गिऱ्हाईके आली. एक दिवस एक म्हातारी फडक्यात बांधलेला मोबाइल घेऊन आली. काच फुटलेली होती. त्यात तिच्या मुलाचा फोटो होता. मुलगा वारला होता, आणि दुसरा फोटो कुठेच नव्हता. दोन दुकानांनी तिला परत पाठविले होते. मोबाइल मधूनच चालू होई, मधूनच बंद पडे. दोन तास खटपट करून त्याने तो फोटो बाहेर काढला. मुलगा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, फेटा पांढरा, चेहरा अंधारात. नागपुरास ऐकलेले त्याला आठवले. त्याने चेहऱ्यापुरता उजेड वाढवून पाहिला. डोळे दिसू लागले. त्याने दोन प्रती काढल्या, एक भिंतीसाठी आणि एक पेटीत ठेवण्यासाठी. तिसरी नक्कल दुकानातल्या डबीत ठेवली. एका जागी ठेवलेले बियाणे एकाच वेळी किडते, हेही त्याने मेळाव्यातच ऐकले होते.

शेजारच्या गावी एक दुसरा फोटोवाला आहे. ही दोघे कित्येक वर्षे एकमेकांचे भाव पाडून लग्ने पळवीत आली. येत्या १९ ऑगस्टच्या सुमारास नागपुरास पुन्हा मेळावा आहे. आमचा विद्यार्थी परवा त्याच्या दुकानी गेला आणि म्हणाला, “चालतं का नागपूरले? भाडं अर्धं अर्धं.” तो अजून हो म्हणालेला नाही. पण नोंदणी कशी करतात, ते त्याने विचारून घेतले.